'मिडनाइट रन'चे टीव्हीवरचे पुढचे भाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रॉबर्ट डी नीरो आणि चार्ल्स ग्रोडिन यांच्या 'मिडनाइट रन'वर काहीही लिहिलं की वाचकांचे तेच तेच प्रश्न येतात, आणि त्यातले निम्मे तरी टीव्हीवर आलेल्या त्या 'दुसऱ्या' जॅक वॉल्शबद्दल असतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. मूळ चित्रपट पाहिला नसेल तर प्रश्न ८ आणि ९ तूर्त सोडून द्या, त्यात शेवट उघड केला आहे.

१. 'मिडनाइट रन'चा दुसरा भाग आला होता? मी तर कधी ऐकलंच नाही.

आला होता, तोही एक नव्हे, तीन. तिन्ही १९९४ साली, तिन्ही अमेरिकन टीव्हीसाठी बनवलेले: 'अनदर मिडनाइट रन', 'मिडनाइट रनअराउंड' आणि 'मिडनाइट रन फॉर युअर लाइफ'. थिएटरात यातला एकही लागला नाही. मूळ चित्रपटातला एकही कलाकार यांत नाही. पात्रांची नावं मात्र तीच आहेत, त्यामुळे गोंधळ होतो.

या पानावरची बहुतेक उत्तरं पहिल्या भागाबद्दल, म्हणजे 'अनदर मिडनाइट रन'बद्दल आहेत. तिघांत त्याच्याबद्दलच सगळ्यांत जास्त विचारणा होते आणि नव्या संचाची खरी परीक्षा त्यातच झाली.

२. मी मूळ चित्रपटच पाहिलेला नाही. गोष्ट काय आहे?

जॅक वॉल्श हा शिकागोचा माजी पोलीस. आता लॉस एंजेलिसमध्ये जामिनावर सुटून पळालेल्यांना पकडून आणायचं काम करतो. जामिनाचा धंदा करणारा एडी मॉस्कोनी त्याला एक काम देतो: जोनाथन मार्डुकस नावाच्या हिशेबनिसाला न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला आणायचं. मार्डुकस ऊर्फ 'ड्यूक' यानं जिमी सेरानो या माफियाचे दीड कोटी डॉलर हडप करून दानधर्मात वाटून टाकले आहेत. मुदत शुक्रवारी मध्यरात्रीपर्यंत.

विमानानं पाच तासांचं काम. पण ड्यूक विमानात घाबरल्याचा असा आकांत मांडतो की दोघांना खाली उतरवलं जातं. मग रेल्वे, बस, मागून घेतलेली मोटार, चोरलेली मोटार, मालगाडी असा अख्खा देश पालथा घालत प्रवास होतो. मागावर एफबीआय, माफियाचे गुंड आणि मार्विन डॉर्फलर नावाचा दुसरा बाउंटी हंटर.

दिग्दर्शन मार्टिन ब्रेस्ट, पटकथा जॉर्ज गॅलो, संगीत डॅनी एल्फमन. जुलै १९८८ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. तिथे ३ कोटी ८४ लाख डॉलर आणि जगभरात मिळून ८ कोटी १६ लाख डॉलरच्या आसपास कमाई झाली. त्या वर्षीच्या मोठ्या हिट चित्रपटांच्या पंक्तीत तो बसत नाही. त्याला आजचं प्रेम मिळालं ते नंतर, घरोघरी व्हिडिओवर पुन्हा पुन्हा पाहिला गेला तेव्हा.

३. बाउंटी हंटर म्हणजे पोलीस का? याला कायद्यानं परवानगी कशी?

पोलीस नाही. हा खासगी माणूस, आणि त्याची मुळं जामिनाच्या धंद्यात आहेत. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत असं चालतं: न्यायाधीश जामिनाची रक्कम ठरवतात. आरोपीकडे तेवढे पैसे नसतात. तो जामीन देणाऱ्या धंदेवाल्याकडे जातो आणि साधारण दहा टक्के फी भरतो. ती फी परत मिळत नाही. त्या बदल्यात धंदेवाला कोर्टाला पूर्ण रकमेची हमी देतो. आरोपी तारखेला आला नाही तर ती रक्कम धंदेवाल्याच्या बोकांडी बसते. म्हणून तो पळालेल्याला शोधायला माणूस पाठवतो.

चित्रपटातले आकडे या हिशेबानं पाहिले की मॉस्कोनीचा घाम समजतो. ड्यूकचा जामीन ४ लाख ५० हजार डॉलरचा. दहा टक्क्यांनी फी आली असेल ४५ हजार. वॉल्शला तो आधी २५ हजार देऊ करतो, वॉल्श एक लाखावर अडून बसतो. एक लाख दिले तर या व्यवहारात मॉस्कोनीला तोटाच आहे. पण माणूस आला नाही तर साडेचार लाख जातील आणि दुकान बंद होईल. फोनवर तो सारखा किंचाळत असतो त्यामागे हे गणित आहे. प्रत्यक्षात या कामाचा मोबदला जामिनाच्या दहा ते वीस टक्के असतो असं सांगतात, तेव्हा वॉल्शनं मागितलेला आकडा थोडा चढा आहे इतकंच.

कायद्याचा आधार म्हणून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १८७२ सालचा 'टेलर विरुद्ध टेंटर' हा निकाल दाखवला जातो. जामीनदार आरोपीला दुसऱ्या राज्यात जाऊनही पकडू शकतो, गरज पडल्यास त्याच्या घरात शिरूही शकतो, अशा अर्थाचं भाष्य त्यात आहे. पुढे अनेक राज्यांनी परवाने, प्रशिक्षण, पोलिसांना आधी कळवणं अशा अटी घातल्या. केंटकीनं १९७६ साली जामिनाचा धंदाच बंद केला. विस्कॉन्सिन, ओरेगन आणि इलिनॉयमध्येही तो चालत नाही. इलिनॉयनं तर २०२३ पासून पैशांचा जामीनच रद्द केला. वॉल्शचं शिकागो इलिनॉयमध्येच येतं. म्हणजे ज्या शहरात तो पोलीस होता, तिथे त्याचा नवा धंदा उभाच राहू शकला नसता. पटकथेत याचा उल्लेख नाही, पण मला हे कळल्यापासून शिकागोचा प्रसंग बघताना ते डोक्यात राहतं.

४. आपल्याकडे असं काही आहे का?

नाही. आपल्याकडे जामीनदार हा ओळखीचा, नात्यातला माणूस असतो, तो ऐपतीचा दाखला घेऊन कोर्टात उभा राहतो. फी घेऊन जामीन राहण्याचा धंदा कायद्याला मान्य नाही. आरोपी फरार झाला तर कोर्ट वॉरंट काढतं, पोलीस शोध घेतात आणि जामीनदाराला दंड का करू नये म्हणून नोटीस जाते. जामीनदाराला भीती वाटली तर तो आपली हमी काढून घ्यायचा अर्ज करू शकतो. पण हातकड्या घेऊन परराज्यातून कुणाला उचलून आणलं तर त्याच्यावरच अपहरणाचा गुन्हा दाखल होईल.

म्हणून आपल्या प्रेक्षकाला पहिली दहा मिनिटं हा माणूस नेमका कोण हे समजत नाही. वरचा प्रश्न ३ वाचून चित्रपट पाहिलात तर अडचण येणार नाही.

५. टीव्हीवर डी नीरो का नव्हता?

पात्रं युनिव्हर्सलच्या मालकीची, नट नव्हेत. स्टुडिओला जॅक वॉल्श हे नाव आणि त्याचा पेशा वापरायचा हक्क होता. त्यासाठी डी नीरोची गरज नव्हती, आणि टीव्हीच्या बजेटमध्ये तो परवडणाराही नव्हता. त्या काळात हॉलिवूडमध्ये सिनेमाचा बडा नट टीव्हीवर गेला की त्याची घसरण सुरू झाली असं मानत. आज उलट झालंय, पण १९९४ मध्ये ती भिंत जाड होती. डी नीरोनं १९९३ मध्येच 'अ ब्राँक्स टेल' दिग्दर्शित करून नवा टप्पा सुरू केला होता. तीन टीव्हीपटांसाठी त्याला कुणी गृहीत धरलं असेल असं वाटत नाही.

ब्रेस्ट किंवा गॅलोही या भागांच्या कामात नव्हते. 'अनदर मिडनाइट रन'चं दिग्दर्शन जेम्स फ्रॉलीचं. हा टीव्हीत मुरलेला माणूस. 'द मंकीज' मालिकेसाठी त्याला एमी हा टीव्हीचा मोठा पुरस्कार मिळाला होता आणि १९७९ चा 'द मपेट मूव्ही' त्याचाच. त्यामुळे 'कुणीतरी नवख्यानं उरकलं' हा आरोप अनेकदा ऐकू येतो तो चुकीचा आहे.

६. कुणाच्या जागी कोण आलं?

जॅक वॉल्श झाला क्रिस्टोफर मॅकडोनाल्ड. जो पँटोलियानोनं केलेला एडी मॉस्कोनी डॅन हेडायाकडे गेला. जॉन अ‍ॅश्टनचा मार्विन डॉर्फलर एड ओ'रॉसनं केला. मॉस्कोनीच्या ऑफिसात बसून माफियाला खबरा पुरवणारा जेरी गायस्लर मूळ चित्रपटात जॅक किहो होता, इथे जॉन फ्लेक.

नवी पात्रं दोन: बर्नी आणि हेलन, ठगांची जोडी. बर्नी म्हणजे जेफ्री टँबोर, हेलन म्हणजे कॅथी मोरियार्टी. वॉल्शनं या दोघांना आणायचं आहे.

यात हेडायाची निवड मला सगळ्यांत चपखल वाटते. मॉस्कोनीचं काम म्हणजे फोनवर ओरडायचं, घाबरायचं, खोटं बोलायचं आणि तरी प्रेक्षकाला त्याची कीव येऊ द्यायची. हेडायाच्या चेहऱ्यावर हे सगळं आधीच लिहिलेलं असतं. ओ'रॉसचं उलट. 'रेड हीट'मधला थंड खलनायक म्हणून तो लक्षात राहतो, आणि डॉर्फलरला थंडपणा चालत नाही. अ‍ॅश्टनचा डॉर्फलर दर वेळी त्याच युक्तीला फसतो: वॉल्श त्याच्या मागे बोट दाखवतो, हा वळून बघतो आणि ठोसा खातो. त्यात एक भाबडेपणा लागतो, तो अ‍ॅश्टनकडे भरभरून होता. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तो गेला.

७. क्रिस्टोफर मॅकडोनाल्ड वॉल्श म्हणून शोभतो का?

शोभतो, पण वेगळा वॉल्श म्हणून. 'थेल्मा अँड लुईस'मधला थेल्माचा फुशारकी मारणारा नवरा हाच. पुढे १९९६ मध्ये 'हॅपी गिलमोर'मध्ये गोल्फचा घमेंडखोर खेळाडू शूटर मॅकगॅव्हिन करून तो घराघरांत पोचला. स्वतःवर खूश असलेला माणूस ही त्याची हातखंडा चीज.

डी नीरोचा वॉल्श मात्र स्वतःवर अजिबात खूश नाही. त्याच्या मनगटावर घटस्फोटित बायकोनं दिलेलं घड्याळ असतं, ते धड चालत नाही, तरी तो ते कानाला लावून बघत राहतो. सिगारेटवर सिगारेट ओढतो. शिकागोत सेरानोकडून लाच घ्यायला नकार दिला म्हणून नोकरी गेली, बायको गेली, मुलगी दुरावली. हे सगळं ओझं डी नीरोच्या खांद्यांत दिसतं. मॅकडोनाल्डचे खांदे मोकळे आहेत. त्याचा वॉल्श चटपटीत, बोलका, दर आठवड्याला भेटावा असा आहे. मालिकेच्या दृष्टीनं हा विचार चूक नव्हता: इतका दुखावलेला माणूस दर भागात पुन्हा तसाच दुखावलेला दाखवता येत नाही.

आपल्याकडे नाटकाच्या जाहिरातीत 'नव्या संचात' असं अभिमानानं छापतात आणि प्रेक्षक तिकीट काढून जातात, कारण भूमिका एका नटाकडून दुसऱ्याकडे जाणं आपल्याला नवं नाही. म्हणून 'डी नीरो नाही म्हणजे बघायलाच नको' हे मला पटत नाही. अडचण दुसरीकडेच आहे, ती पुढच्या उत्तरात.

८. ड्यूक यात आहे का? नसेल तर का नाही?

नाही. आणि माझ्या मते या भागांचं जे काही बिनसलं ते इथे.

मूळ चित्रपट जॅक वॉल्शचा वाटतो, कारण नाव त्याचं मोठं. प्रत्यक्षात तो दोघांचा आहे. ग्रोडिनचा ड्यूक आवाज चढवत नाही, धमकी देत नाही. तो फक्त प्रश्न विचारतो. धूम्रपान का करतोस? तळलेलं का खातोस? बायकोनं का सोडलं? मुलीला कधी भेटलास? हातात बेड्या घातलेला माणूस बेड्या घालणाऱ्याची हळूहळू उलटतपासणी घेतो. वॉल्श चिडतो, शिव्या घालतो, आणि मग एक दिवस उत्तर देतो.

शिकागोतला प्रसंग घ्या. पैसे संपले म्हणून वॉल्श माजी बायकोच्या दारात उभा राहतो. भांडण सुरू होतं. तेवढ्यात मुलगी खोलीतून बाहेर येते. नऊ वर्षांनी बाप-लेक समोरासमोर. दोघांनाही काय बोलावं कळत नाही. निघताना मुलगी मुलं सांभाळून साठवलेले पैसे घेऊन मागे येते, तो घेत नाही. डी नीरो इथे जवळजवळ काही करत नाही, नुसता बघत राहतो. आणि कॅमेरा हळूच ड्यूककडे जातो, जो हे सगळं पाहतोय. त्या क्षणापासून ड्यूकला वॉल्श कळतो. साक्षीदार नसता तर तो प्रसंग फक्त कौटुंबिक राहिला असता.

हे रसायन जमवण्यासाठी ब्रेस्टनं किंमत मोजली होती. चित्रपट आधी पॅरामाउंटकडे होता. ड्यूकच्या जागी मोठं नाव हवं असा त्यांचा आग्रह: ड्यूकची बाई करा आणि चेर घ्या, किंवा रॉबिन विल्यम्स घ्या. ब्रेस्ट ग्रोडिनवर ठाम राहिला. पॅरामाउंटनं अंग काढून घेतलं आणि चित्रपट युनिव्हर्सलकडे गेला. एका कमी प्रसिद्ध नटासाठी स्टुडिओ गमावणं सोपं नसतं. मालगाडीच्या डब्यातला रात्रीचा प्रसंग बघा, म्हणजे तो का अडून बसला ते समजेल. वॉल्शचा राग जाऊन त्याला हसू फुटलं पाहिजे, इतकंच ठरलं होतं. काय बोलायचं हे ग्रोडिननं ऐन वेळी रचलं. समोर डी नीरोचं हसू खरं आहे. त्या बेड्यांचे वण हातावर कायमचे राहिल्याचं ग्रोडिन पुढे सांगत असे.

आता टीव्हीच्या निर्मात्यांच्या जागी उभं राहून बघू. पुढचे भाग करायचे तर दर वेळी नवा कैदी लागणार, हे उघड आहे. पहिल्या भागात त्यांनी एका कैद्याऐवजी दोन दिले. कागदावर कल्पना छान: दोन ठग, एकमेकांशी भांडणारे, मध्ये वॉल्श. टँबोर आणि मोरियार्टी दोघंही तयारीचे नट. पण दोघं असले की ते एकमेकांशी बोलतात आणि वॉल्श पंच होऊन जातो. त्याला कुणी प्रश्न विचारत नाही. माझी तक्रार नट बदलल्याची नाही. समोरचा माणूस काढून घेतला आणि त्या जागी कथानक ठेवलं, ही आहे.

९. मूळ चित्रपटाच्या शेवटी वॉल्श हा धंदा सोडतो ना? मग टीव्हीवर पुन्हा तोच धंदा कसा?

बरोबर पकडलंत. चित्रपटाच्या शेवटी वॉल्श ड्यूकला मुदतीच्या काही मिनिटं आधी लॉस एंजेलिसच्या विमानतळावर आणतो. मॉस्कोनीला फोन लावतो, ड्यूकचा आवाज ऐकवतो आणि सांगतो की आता मी याला सोडतोय. मग ते घड्याळ ड्यूकला देतो. ड्यूक सदऱ्याखालून पैशांचा पट्टा काढून देतो, त्यात तीन लाखांच्या आसपास डॉलर. ते तो सुटका झाल्यानंतर देतो, म्हणून ती लाच ठरत नाही, आणि आयुष्यात लाच न घेतलेला वॉल्श ते घेऊ शकतो. पटकथेतली ही गाठ फार नाजूक हातानं बांधली आहे. वॉल्शला कॉफी शॉप काढायचं असतं, त्याची सोय झाली.

टीव्हीवरच्या भागांना वॉल्श कामावर हवा आणि मॉस्कोनी त्याला काम देणारा हवा. त्यामुळे हा शेवट बाजूला ठेवणं भाग होतं. काही प्रेक्षक हे भाग चित्रपटाच्या आधी घडले असं मानून घेतात. तसं मानलं तर मॉस्कोनी, जेरी, डॉर्फलर सगळे आपापल्या जागी बसतात. मी तर सांगेन की ताळमेळ लावायच्या फंदात पडू नका. एकाच नावाचे दोन स्वतंत्र जॅक वॉल्श समजा.

१०. 'अ‍ॅक्शन पॅक' काय भानगड होती?

युनिव्हर्सलनं जानेवारी १९९४ पासून अमेरिकेतल्या टीव्ही केंद्रांना थेट विकलेली टीव्हीपटांची जुडी. एनबीसी, सीबीएस, एबीसीसारख्या मोठ्या नेटवर्कमार्फत न जाता गावोगावच्या केंद्रांशी सरळ व्यवहार करायचा, याला तिथे सिंडिकेशन म्हणतात. जाहिरातींसकट दोन तासांची जागा भरेल असा एकेक टीव्हीपट.

त्यात 'हर्क्युलिस', विल्यम शॅटनरच्या कादंबऱ्यांवरचं 'टेकवॉर', रसेल वाँगचं 'व्हॅनिशिंग सन', 'स्मोकी अँड द बँडिट'वरून केलेले 'बँडिट'चे भाग आणि 'मिडनाइट रन' अशी पाळीपाळीनं हजेरी असे. 'बँडिट'मध्येही बर्ट रेनॉल्ड्सच्या जागी ब्रायन ब्लूम हा तरुण नट होता, मात्र तिथे १९७७ च्या मूळ चित्रपटाचा दिग्दर्शक हॅल नीडहॅम स्वतः सोबत होता.

११. मग 'मिडनाइट रन'ची मालिका का झाली नाही?

या जुडीमागचा हिशेब सरळ होता: प्रत्येकाचे थोडे टीव्हीपट दाखवायचे, ज्याला प्रतिसाद मिळेल त्याची मालिका करायची. 'हर्क्युलिस'ची जानेवारी १९९५ पासून मालिका झाली आणि त्याच वर्षी तिच्यातून 'झीना' निघाली. 'टेकवॉर' आणि 'व्हॅनिशिंग सन' यांनाही मालिका मिळाली. 'मिडनाइट रन' तीन टीव्हीपटांवर थांबलं.

कारणाबद्दल माझं मत असं: 'हर्क्युलिस'च्या जगात दर आठवड्याला नवा राक्षस आणला की काम भागतं, नायकाला बदलावं लागत नाही. वॉल्शच्या गोष्टीत नायक बदलतो, तोच तिचा जीव आहे. एकदा बदललेल्या माणसाला पुन्हा मागे नेऊन दर आठवड्याला सुरुवात करणं कुणालाही जड गेलं असतं. (प्रश्न ७ मध्येही याला स्पर्श केला आहे.)

जाता जाता एक योगायोग: 'हर्क्युलिस' न्यूझीलंडमध्ये चित्रित होत असे, आणि मूळ 'मिडनाइट रन'मध्ये वॉल्श आणि ड्यूक नदीच्या लोंढ्यात वाहून जातात तो भागही न्यूझीलंडमध्ये घेतला आहे, कारण अ‍ॅरिझोनातलं पाणी फार गार होतं.

१२. घरच्यांबरोबर बघता येईल का?

टीव्हीवरचे भाग बघता येतील. मूळ चित्रपट लहान मुलांसमोर नको. अमेरिकेत त्याला 'आर' प्रमाणपत्र आहे ते मुख्यतः शिव्यांमुळे. वॉल्श, मॉस्कोनी आणि डेनिस फरिनाचा सेरानो हे तिघं वाक्यागणिक शिव्या देतात.

टीव्हीपटात त्या काढाव्या लागल्या आणि याचा परिणाम पात्रावर झाला. वॉल्शला मनातलं बोलता येत नाही, म्हणून तो शिव्या देतो. ड्यूक सहसा शिवी देत नाही, म्हणून तो शांतपणे काही म्हणाला की ते लागतं. शिव्या गेल्या की हा फरकही गेला. फरिनाबद्दल एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते: नट होण्याआधी तो शिकागो पोलिसात अठरा वर्षं होता. सेरानोच्या धमक्या इतक्या खऱ्या का वाटतात याचं उत्तर बहुधा तिथे सापडेल.

१३. कॅथी मोरियार्टीला आधी डी नीरोबरोबर पाहिल्यासारखं वाटतं. बरोबर का?

बरोबर. १९८० च्या 'रेजिंग बुल'मध्ये ती डी नीरोच्या बायकोच्या, विकी लामोटाच्या भूमिकेत होती. तो तिचा पहिलाच चित्रपट आणि त्यासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं. 'अनदर मिडनाइट रन'मध्ये ती डी नीरोच्या जुन्या भूमिकेतल्या दुसऱ्याच नटासमोर उभी आहे. तिचा तो घोगरा आवाज आणि समोरच्याला तोलणारी नजर इथेही आहे. माझ्या मते ड्यूकच्या जागी एकटी तीच कैदी असती तर या भागाला काही वेगळंच वजन आलं असतं.

१४. याला सिक्वेल म्हणायचं, रिमेक की रीबूट?

रिमेक नाही, कारण मूळ गोष्ट पुन्हा सांगितलेली नाही. रीबूटही नाही, कारण वॉल्श कोण, कुठून आला हे नव्यानं मांडलेलं नाही. तुम्हाला ते माहीत आहे असं धरून चालतात. पुढचा भाग म्हणावं तर शेवटाशी पटत नाही (प्रश्न ९). रूढ अर्थानं सिक्वेल म्हणतात, मीही तसंच लिहितो.

१५. डी नीरोला घेऊन खरा दुसरा भाग येणार होता ना?

घोषणा दोनदा ठळक झाल्या. २०१० मध्ये युनिव्हर्सलनं टिम डाउलिंगला पटकथेचं काम दिलं, त्यात डी नीरो पुन्हा वॉल्श होणार होता. नंतर २०२१ मध्ये रेजिना हॉलला मुख्य भूमिकेत घेऊन नवा चित्रपट करण्याची बातमी आली, त्यात डी नीरोचं नाव निर्माता म्हणून होतं.

त्याच २०२१ च्या मे महिन्यात ग्रोडिन गेला. त्याआधी मार्चमध्ये एफबीआयचा अलोन्झो मोझली झालेला याफेट कोटो गेला. फरिना २०१३ मध्येच गेला होता. प्रश्न ८ मध्ये जे म्हटलं ते मनापासून म्हटलं असल्यामुळे, ग्रोडिनशिवाय डी नीरोला पुन्हा वॉल्श करायला लावू नये असं मला वाटतं. अगदी नव्या दोन माणसांची नवी गोष्ट केली तर जरूर बघेन.

१६. कोणत्या क्रमानं बघू?

आधी १९८८ चा चित्रपट, एका बैठकीत, १२६ मिनिटं. मग दोन-चार दिवस जाऊ द्या. लगेच टीव्हीपट लावलात तर मॅकडोनाल्डवर अन्याय होईल. नंतर 'अनदर मिडनाइट रन'. तो आवडला तर उरलेले दोन. तिघांच्या गोष्टी सुट्या आहेत, मधला चुकला तरी काही अडत नाही.

फक्त एकच प्रसंग बघून ठरवायचं असेल तर मूळ चित्रपटातला बारचा प्रसंग काढा. खिशात दमडी नाही, वॉल्शकडे मोझलीचं चोरलेलं ओळखपत्र आहे. दोघं एफबीआयचे अधिकारी बनून खोट्या नोटा तपासायला आल्याचं सांगतात. ड्यूक गल्ल्यातल्या वीस डॉलरच्या नोटा एकेक करून उजेडात धरतो, पेन्सिलीनं काहीतरी तपासल्यासारखं करतो, आणि अत्यंत गंभीर चेहऱ्यानं त्या खिशात घालतो. वॉल्शला काय चाललंय ते अर्धंच कळलेलं असतं, तरी तो साथ देतो. दोघं जोडीदार झाले ते इथे.

१७. शोधल्यावर दर वेळी डी नीरोचाच चित्रपट समोर येतो. टीव्हीचे भाग कसे ओळखू?

नावासोबत १९९४ हे साल आणि क्रिस्टोफर मॅकडोनाल्डचं नाव टाका. तिन्हींची नावं एकसारखी असल्यानं पूर्ण नाव लिहा. बर्नी आणि हेलन दिसले तर तो 'अनदर मिडनाइट रन'. पोस्टरवर डी नीरोचा फोटो आणि खाली १९९४ असं काही दिसलं तर ते पान भरवशाचं नाही, तिथे पैसे भरू नका.